सहलीला यात्रेचा झगा कशाला?

कात्रज, धनकवडी, आंबेगाव या भागांतील कॅथलिक कुटुंबांच्या हाती अलीकडे एक गुळगुळीत रंगीत पत्रक पडले आहे. वर निळाशार समुद्र, खाली मधाच्या रंगाच्या दगडांतली चर्चे, आणि मथळ्यात 'माल्टा' व 'तीर्थयात्रा' हे दोन शब्द शेजारी शेजारी. आत सात दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. आम्ही तो नीट वाचला. एक दिवस कोमिनो बेटाच्या 'ब्लू लगून'मध्ये नौकाविहार. एक दिवस गोझो बेट. अर्धा दिवस 'पॉपाय व्हिलेज', म्हणजे १९८० च्या सुमारास एका इंग्रजी चित्रपटासाठी उभारलेले लाकडी गाव. दोन संध्याकाळी खरेदीसाठी मोकळ्या. राजधानी व्हॅलेटाची धावती फेरी. आणि राबात येथील संत पौलाची गुहा, पाऊण तास. सातव्या दिवशी परतीचे विमान. त्या पाऊण तासाच्या बळावर उरलेला सारा आठवडा पवित्र करून घेतला आहे!

आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. भूमध्य समुद्रातील बेटावर सुटी घालवायला जाण्यास आमची हरकत नाही. त्या सुटीला तीर्थयात्रा म्हणण्यास आहे. आणि ही हरकत शब्दाच्या हट्टापायी नाही, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

या वादात आम्हांला दोन आघाड्यांवर लढावे लागणार, याची कल्पना आहे. पत्रकवाल्यांकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या आघाडीचा समाचार घेऊ. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात उभे राहून, "एवढ्या पैशांत किती गरिबांच्या पोटात अन्न गेले असते," असा हिशेब मांडणारी काही मंडळी आपल्यात आहेत. हा हिशेब ते इतरांच्या सहलीच्या वेळी मांडतात. स्वतःच्या मुलाच्या लग्नात हॉल, बँड आणि पाचशे पानांच्या वेळी त्यांचे पाटीपेन्सिल हरवलेले असते. स्वारगेट ते कात्रज या रस्त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ धूर खाणारी माणसे, हिंजवडीच्या कंपनीत रात्रपाळी करणारा मुलगा, रुग्णालयात बारा-बारा तास पायांवर उभी असणारी परिचारिका, यांना आठवडाभर समुद्राकडे नुसते पाहत बसावेसे वाटले तर त्यासाठी त्यांनी कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित कामावरून थकून परततात, लोकांची इतकी रीघ असते की जेवायलाही सवड मिळत नाही, तेव्हा खुद्द प्रभू त्यांना एकांत जागी चलून थोडा विसावा घ्या असे सांगतो. विसाव्याला प्रभूने कोणतेही धार्मिक कारण जोडले नाही. ते थकले होते, एवढे कारण त्याला पुरेसे वाटले.

मग आपल्यालाच ते अपुरे का वाटते? 'आम्ही सुटीवर चाललो आहोत' असे सरळ सांगण्याची आपल्या समाजाला लाज वाटते, हे आमच्या मते या पत्रकाच्या यशाचे खरे रहस्य आहे. 'युरोपला चाललो' म्हटले की शेजारपाजारी भुवया उंचावतात. 'यात्रेला चाललो' म्हटले की तेच शेजारी मेणबत्तीसाठी पैसे हाती देतात. पत्रक छापणाऱ्याला आपली ही दुखरी नस बरोबर सापडली आहे. धंदा करणाऱ्याने धंदा केला, त्याला आम्ही दोष देत नाही. मात्र 'यात्रा' हा शब्द त्याच्या मालकीचा नाही. तो आपल्या सर्वांच्या मालकीचा आहे.

यात्रा हा शब्द लागला की पुढे काय काय होते ते पाहा. सहलीची जाहिरात वर्तमानपत्रात येते. यात्रेची सूचना मिस्सेनंतर वेदीजवळून वाचली जाते. सहलीला नाही म्हणणे सोपे असते. यात्रेला नाही म्हणताना माणूस चाचरतो. जणू श्रद्धाच कमी पडली! धर्मग्रामाच्या नावाने निघालेल्या यात्रेला शेजारचे कुटुंब निघाले, कोरसमधली मंडळी निघाली, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली निम्मी मुले निघाली, तर उरलेल्या निम्म्यांना घरी काय सांगायचे? मग कर्ज निघते. बँका हल्ली प्रवासासाठी आनंदाने कर्ज देतात. चौघांच्या कुटुंबाला विमानभाडे आणि हॉटेल सोडूनही व्हिसाचे शुल्क आहेच : जून २०२४ पासून शेंगेन व्हिसासाठी प्रौढास ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलास ४५ युरो. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. शिवाय किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा. हे सारे हप्त्यांनी फेडत तीन वर्षे काढायची, आणि कशासाठी? पाऊण तासाच्या गुहादर्शनासाठी!

ज्यांना कर्जही मिळत नाही, त्यांचे तर विचारूच नका. धर्मग्रामात धुणीभांडी करून मुलांना शिकवणाऱ्या विधवा आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, कंत्राटी सफाई कामगार आहेत. रविवारी ते आपल्या शेजारी एकाच बाकावर बसतात आणि एकाच भाकरीत सहभागी होतात. त्याच वेदीजवळून अशी 'यात्रा' जाहीर करायची, की जिच्यात त्यांना पायही ठेवता येणार नाही, हा करिंथमधील प्रकार झाला. तेथे काही जण भरपेट जेवत आणि काही उपाशी राहत, म्हणून संत पौलाने त्या मंडळीची चांगलीच कानउघाडणी केली होती. त्याच पौलाचे नाव या पत्रकाच्या कपाळावर आहे!

तीर्थस्थान म्हणजे काय, हे ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेत १२३० व्या कलमात सांगितले आहे : विशेष भक्तीच्या कारणाने जेथे बहुसंख्य भाविक स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या संमतीने यात्रेसाठी जातात असे पवित्र स्थळ. बहुसंख्य भाविक, हे शब्द आम्हांला महत्त्वाचे वाटतात. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, ती एकदा डोळ्यांपुढे आणा. कोणी एसटीने येतो, कोणी टेम्पोत उभा राहून, कोणी अनवाणी चालत; फडक्यात भाकरी बांधलेली असते; रात्री मंडपात शेजारी कोण झोपले आहे हे कोणी विचारत नाही. पुण्यातील आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची मुळे त्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीत आहेत. त्या यात्रेला कोणी पत्रक काढून सात दिवसांचा दर लावत नाही. आणि आम्हांला असे आढळले आहे की, माल्टाच्या पत्रकावर सर्वांत आधी नाव घालणाऱ्या घरांना हरेगावला गेल्यास पाच-सात वर्षे तरी झाली आहेत. धूळ फार, म्हणतात.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे संत पौल माल्टाला कसा गेला याकडे येऊ. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचे सत्ताविसावे व अठ्ठाविसावे अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी तुकड्यातुकड्याने ऐकले आहेत. सलग वाचणारे थोडे. पौल तेथे यात्रेकरू म्हणून गेला नव्हता आणि प्रचारासाठीही गेला नव्हता. तो कैदी होता. कैसराकडे दाद मागितल्यामुळे शिपायांच्या पहाऱ्यात त्याला रोमला नेले जात होते. गलबत अलेक्झांड्रियाचे, आत गहू, आणि माणसे दोनशे शहात्तर. क्रीट सोडल्यावर वादळाने गाठले. चौदा रात्री ते भरकटत राहिले. सामान समुद्रात फेकले, शेवटी गहूही फेकला. किनारा दिसला तेव्हा कैदी पोहून पळतील या भीतीने शिपायांनी त्यांना ठार मारण्याचा बेत केला होता; शताधिपतीने तो मोडला. ज्यांना पोहता येत होते ते पोहत, उरलेले फळ्यांवर आणि गलबताच्या तुकड्यांवर, असे सर्वच्या सर्व किनाऱ्याला लागले. त्या बेटाला तेव्हा मेलिता म्हणत.

पाऊस पडत होता आणि थंडी होती. बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतले. मूळ ग्रीक ग्रंथात त्या लोकांसाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ ग्रीक न बोलणारे, रानटी, असा होतो. ते ख्रिस्ती नव्हते. आलेल्यांत कैदी कोण, शिपाई कोण, यहुदी कोण, हे त्यांनी शेकोटी पेटवण्याआधी विचारले नाही. पौलाच्या हाताला साप डसला तेव्हा हा खुनी असावा असे त्यांना वाटले, तो जिवंत राहिला तेव्हा देव वाटला. दोन्ही वेळा ते चुकले, पण शेकोटीपासून त्यांनी त्याला उठवले नाही. बेटाचा प्रमुख पुब्लियस याने तीन दिवस आपल्या घरी पाहुणचार केला. पौलाने त्याच्या आजारी वडिलांवर हात ठेवून त्यांना बरे केले. तीन महिन्यांनी गलबत निघाले तेव्हा लोकांनी वाटेची शिदोरी दिली. माल्टाच्या ख्रिस्ती इतिहासाचा आरंभ हा असा आहे. शेकोटी आधी, सुवार्ता मागून.

पत्रकातील बेटावर या लोकांचा मागमूस नाही. तेथे समुद्र आहे, घुमट आहेत, जेवणाच्या थाळ्या आहेत, माणसे नाहीत. खरे बेट मात्र माणसांनी गच्च भरलेले आहे. अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरांत पाच लाखांहून अधिक वस्ती, आणि वर्षाला येणारे पर्यटक त्यांच्या कितीतरी पट. २०२४ साली ही संख्या पस्तीस लाखांच्या पुढे गेली. ब्लू लगूनमध्ये इतकी झुंबड उडू लागली की २०२५ साली येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालून आगाऊ नोंदणी सुरू करावी लागली. तेथे बारमाही नदी नाही. नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळवावा लागतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. माल्टाच्या विन्याकूर नावाच्या शूर सरदाराधिपतीने त्याच्याही आधी, १६१५ साली, राबातच्या बाजूचे पाणी कमानींवरून व्हॅलेटात आणले. टँकरची वाट पाहत रात्र काढणाऱ्या आंबेगावच्या माणसाला तेथल्या गृहिणीशी बोलायला विषय सहज सापडेल. पण त्यासाठी तिच्याशी बोलायला वेळ हवा.

मराठी माणूस माल्टाला पहिल्यांदा काही आता निघालेला नाही. १८७८ साली रशिया-तुर्कस्तान संघर्षात इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक मुंबईहून जहाजांत घालून माल्टाला उतरवले. मुंबई इलाख्याच्या पलटणीही त्यांत होत्या. कोणाच्या तरी राजकारणासाठी ज्यांना तेथे उन्हात तंबू ठोकून राहावे लागले, त्यांचे नाव कोणत्याही सहलीच्या पत्रकात येत नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याच बेटाने बाँबवर्षाव सोसला. ९ एप्रिल १९४२ रोजी मोस्टा येथील चर्चच्या घुमटातून बाँब आत कोसळला तेव्हा खाली भाविक जमले होते. तो फुटला नाही. त्या घुमटाखाली पाच मिनिटे गप्प बसावे असे आम्हांला वाटते. पत्रकात मोस्टाचे नावच नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती कात्रजकरांना जरा झोंबेल. माल्टाची भाषा अरबी कुळातली आहे. ती लॅटिन लिपीत लिहितात, तिच्यात इटालियन शब्द भरपूर आहेत; पण तेथील कॅथलिक माणूस शतकानुशतके देवाला 'अल्ला' म्हणूनच हाक मारीत आला आहे आणि उपवासकाळाला 'रांदान' म्हणतो. 'रमजान' या शब्दाशी त्याचे असलेले नाते कानाला लगेच कळते. आमच्या शेजारीच कोंढवा आहे. तेथील अजानीचा आवाज आला की खिडकी लावून घेणारी, 'त्या भागात' मुलीची शिकवणी नको म्हणणारी घरे आपल्यातही आहेत. ती घरे माल्टात रविवारची मिस्सा ऐकताना काय करतील? फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला वैकुंठ म्हटले म्हणून आपण त्यांचे गोडवे गातो. देवाच्या नावावर एकाच भाषेची मालकी नसते, हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी कळले होते. प्रवासाने मुलांची दृष्टी विशाल होते, असा युक्तिवाद पत्रकाचे समर्थक करतात. तो आम्हांला मान्य आहे. विशाल होऊ द्या. पण मग मुलांना पॉपायच्या गावाऐवजी एका साध्या खेड्यातल्या माल्टीज मिस्सेला न्या, आणि 'अल्ला' हा शब्द आपल्याच वेदीवरून त्यांच्या कानी पडू द्या.

समुद्रातून आजही माणसे येतात. एप्रिल २०२० मध्ये, पुनरुत्थान रविवारच्या आसपास, लिबियाहून निघालेली एक होडी माल्टाच्या शोध व बचाव क्षेत्रात दिवसचे दिवस भरकटत राहिली. बारा जणांचा जीव गेला. उरलेल्या एक्कावन्न जणांना एका खाजगी मासेमारी नौकेतून परत लिबियात नेऊन सोडण्यात आले. ज्या बेटाने दोनशे शहात्तर जणांसाठी शेकोटी पेटवली, त्याच्या सागरी हद्दीतली ही गोष्ट. २०२१ साली बांधकामावरून पडून जखमी झालेला एक आफ्रिकी मजूर रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला आढळला, तेव्हा माल्टाच्याच सज्जनांनी शरमेने आवाज उठवला. पोप फ्रान्सिस ३ एप्रिल २०२२ रोजी सकाळी संत पौलाच्या गुहेत प्रार्थना करून त्याच दिवशी हाल फार येथील निर्वासितांच्या केंद्रात गेले, ते उगीच नव्हे. ते केंद्र एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूने सुरू केलेले आहे. म्हणजे शेकोटी अगदीच विझलेली नाही. गुहेपासून हाल फारपर्यंत मोटारीने फार वेळ लागत नाही. पत्रकातील यात्रा गुहेपाशी थांबते आणि तेथून हॉटेलवर जाते. त्या हॉटेलातली खोली झाडणारी बाई, दारात जेवण पोचवणारा मुलगा बहुधा आपल्याच देशातला किंवा नेपाळ-फिलिपिन्सचा असतो. त्यांची रविवारची सुटी कधी असते, एवढे विचारले तरी पाऊण तास सार्थकी लागेल.

येथे आमचे काही मित्र म्हणतील की, माल्टाचे राजकारण माल्टावाल्यांना करू द्या, आपण चार दिवसांचे पाहुणे. ठीक आहे. मग कात्रजबद्दल बोलू. रात्री अकरानंतर कात्रज चौकात उभे राहून पाहावे. मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून येणाऱ्या गाड्या थांबतात आणि डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत मूल अशी माणसे खाली उतरतात. आजूबाजूला जे उंच मनोरे उठत आहेत ते त्यांच्याच हातांनी. १९७२ च्या दुष्काळात आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील असेच पुण्यात उतरले होते, आणि कोणी ना कोणी त्यांना पडवीत पथारी टाकू दिली म्हणून आज आपण सोसायटीच्या सभेला बसतो. त्याही आधीची गोष्ट काढायची तर पेशव्यांच्या पदरी असलेल्या परक्या कॅथलिक शिपायांना सवाई माधवरावांच्या अमदानीत, १७९२ साली, प्रार्थनामंदिरासाठी जागा मिळाली. क्वार्टर गेटचे सिटी चर्च तिच्यावर उभे आहे. आपला पुब्लियस हिंदू होता. आणि आज त्याच सोसायटीच्या सभेत 'एकटी मुले नकोत, परप्रांतीय नकोत, अमक्या धर्माचे भाडेकरू नकोत' असा ठराव येतो, तेव्हा आपल्या माणसांचे हात वर जातात. स्वतः घर शोधत असताना 'ख्रिश्चन? नॉनव्हेज शिजवता ना?' असे ऐकून घेतलेल्या माणसांचे हात! त्याच हातांनी संत पौलाच्या गुहेतली माती कपाळाला लावायची आहे.

एवढे सांगूनही आम्ही 'जाऊ नका' म्हणत नाही, हे पुन्हा सांगतो. जावे, आणि बेत नीट आखून जावे. मे महिन्याची सुटी आणि ऑगस्टचे रणरणते ऊन टाळता आले तर टाळावे. संत पौलाच्या गलबतभंगाचा सण १० फेब्रुवारीला असतो. त्या दिवशी माल्टात सार्वजनिक सुटी असते आणि व्हॅलेटाच्या गल्ल्यांतून संतांची मूर्ती खांद्यांवर मिरवतात. त्या दिवसांत थंडी असते, पाऊसही असतो. समुद्रात डुंबता येत नाही, म्हणून पत्रकवाल्यांना ते दिवस नकोसे वाटतात. पण पौल उतरला तेव्हाही पाऊस आणि थंडीच होती. सात दिवसांत तीन बेटे उरकण्यापेक्षा एका गावात मुक्काम करावा. कर्ज काढून जाऊ नये; साठले तेव्हा जावे. आजी-आजोबांना चालवत असेल तर त्यांना न्यावे, कारण त्यांची जपमाळ आणि तेथील म्हातारीची जपमाळ यांची ओळख भाषेविनाही होते. मुलांनी समुद्रात दगड मारावेत, आइस्क्रीम खावे. सुटी ती सुटी.

यात्रा हवी असेल तर तीही काढावी, मात्र सर्वांना येता येईल अशी. हरेगाव आहे. जुने गोवे आहे. धर्मग्रामाची बस ठरवावी, ज्याला जमेल त्याने दोघांचे भाडे द्यावे आणि कोणी कोणाचे दिले हे कोणाला कळू नये.

'तुमच्या खिशाला परवडत नाही म्हणून तुम्ही लिहिता,' असा आक्षेप येईल. समजा तसे असले, तरी त्याने पत्रकाचा मथळा खरा होत नाही.

फेब्रुवारीत जायचे असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे ऑगस्टात कागदपत्रे लावायला घेतली तरी वेळ भरपूर आहे. तोपर्यंत पत्रक पुन्हा छापले जाईलच. सूचना वेदीजवळून न वाचता फाटकापाशीच्या फलकावर लावावी, आणि मथळ्यातील 'माल्टा' तसाच ठेवून त्याच्या शेजारचा शब्द खोडून तेथे 'सहल' लिहावे, अशी आमची धर्मग्राम समितीला विनंती आहे.